दोर धरणारा

५ नोव्हेंबर १९९४

वान्नेस,

मी रागावलेलो नाही. हे सुरुवातीलाच लिहितो, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. काही व्यवहाराच्या गोष्टी राहून गेल्या, एवढ्यासाठीच हे पत्र. सार्डिनियातल्या ज्या गावाचं नाव तू जाताना सांगितलंस, तिथल्या पोस्टात ते तुझ्या नावाने राखून ठेवतील. मिळालं की कळव. तिकीट फुकट गेलं असं व्हायला नको.

तुझा चढाईचा निळा दोर इथे राहिला आहे. मी तो थंड पाण्यात धुतला, सावलीत वाळवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपून पाहिला. कुठे मऊ पडलेला नाही. माझा लालही ठीक आहे. दोन्ही अर्ध्या जाडीचे, एकेकाने एकेक घ्यायचा आणि दोन्ही मिळून बांधायचे, म्हणजे निम्म्या खर्चात भागतं, ही युक्ती माझीच होती. दोघांपैकी एकजण निघून गेला तर काय, हे मी धरलं नव्हतं. नुसत्या लालवर कोणी लटकू नये असं त्याच्या वेष्टनावरच छापलेलं आहे. तू ज्याच्याबरोबर गेलास त्या गोतिएकडे नवाकोरा जाड दोर आहे, तेव्हा तुला निळ्याची आठवण झाली नसेल. हरकत नाही. मी तो माझ्या उशाशी ठेवला आहे, कारण तिथे ओल येत नाही.

आपल्या राहत्या व्हॅनची जागा बदललेली नाही. मादाम ओदेतने ऑलिव्ह उतरवायला मदत कर म्हणून सांगितलं आहे. त्या बदल्यात तिच्या बागेमागे गाडी उभी करू देते आणि तेल देते. बाजार उठताना भाजीवाले टाकून देतात त्यातलं मिळतं, पाव आदल्या दिवसाचा. भाताला उकळी आली की मी अजूनही गॅस बंद करतो आणि पातेलं झोपायच्या पिशवीत गुंडाळून ठेवतो. तू म्हणायचास, सेप्पे अंडी उबवतोय. आता म्हणायला कोणी नाही, पण भात शिजतो.

गोतिएच्या गाडीत हीटर आहे, असं तू तीनदा तरी सांगितलंस. मी ती गाडी बाहेरूनच पाहिली. त्याने आत बोलावलं होतं, पण माझ्या पायांना चिखल होता. वडिलांनी दिलेल्या गाडीत बसून खर्च वाचवण्याच्या गोष्टी करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. बोटीचं तिकीट त्यानेच काढलं ना? मला काय करायचंय. विचारलं आपलं.

कड्यावरच्या आपल्या नव्या वाटेवरची चिंधी जागेवर आहे. मी रोज सकाळी कड्याखालून एक फेरी मारतो. कातळात ठोकलेल्या पहिल्या बोल्टवर ती लांबूनच दिसते, लालभडक. कोणी हात लावलेला नाही.

एक राहिलं. वरच्या फुगवट्यापाशी डावीकडे झेपावण्याआधी तू श्वास रोखतोस. दोर तेव्हा सैल द्यायचा, त्याआधी दिला तर तू दचकतोस. गोतिएला हे सांग.

किंवा नको सांगूस.

सेप्पे

२८ नोव्हेंबर

वान्नेस,

तुझं कार्ड मिळालं. ‘तुझं’ म्हणायचं का, हा प्रश्न आहे. समुद्राचं चित्र छान आहे. पण मागचा मजकूर गोतिएच्या अक्षरात आणि खाली फक्त एक वाकडा ‘वा’ तुझा. आता तुझ्या वतीने लिहायलाही तोच बसतो का? ब्रसेल्सला वकिली शिकतो आणि आपल्या भाषेतल्या इतक्या चुका! मी त्या पेन्सिलने दुरुस्त केल्या. मग वाटलं, कार्ड शेवटी तुझं आहे, म्हणून खोडल्या. मी शाळा अर्ध्यात सोडली, हे खरं. पण शब्द घालायच्या आधी कोश उघडून पाहतो. ज्याला पाहायची गरज वाटत नाही त्याचंच असं होतं.

कार्डातलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘वसंतात परत येऊ तेव्हा गोतिएलाही आपली वाट चढून पाहायची आहे. बोल्टचे पैसे तो देईल म्हणतो.’

बोल्टचे पैसे!

वान्नेस, द्राक्षं तोडताना आपण दुपारी जेवायला मालकाकडे राहायचो ते कशासाठी? रात्रीचं जेवण वाचावं म्हणून. महामार्गाचा टोल चुकवायला आल्स्टपासून इथवर गावागावांतून हळूहळू आलो ते कशासाठी? एका बोल्टच्या किमतीत दोघांचं दोन दिवस पोट भरतं. बोल्टांनी आपलं जेवण खाल्लं असं तू म्हणायचास. ती भोकं मी पाडली. मागून आणलेलं ड्रिल गळ्यात अडकवून, पाय बधिर होईपर्यंत लोंबकळत. तुला धीर नव्हता म्हणून तू खाली शिट्ट्या मारत होतास, आणि ते मला चालत होतं. कारण ती वाट मला चढता येणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ती तुझ्या बोटांची वाट आहे. मी फक्त खाली उभं राहून दोर धरणार होतो. पहिल्यांदा वाट चढणारा तिचं नाव ठेवतो आणि त्याचं नावही वाटांच्या पुस्तकात छापतात. दोर धरणाऱ्याचं कुठेच छापत नाहीत. मी तक्रार केली का कधी? मला तेवढंच हवं होतं. ते पैसे देऊन कोणी विकत घेऊ शकेल, हे मला सुचलं नाही.

काल ऑलिव्हच्या झाडाखाली जाळं पसरताना मादाम ओदेतने विचारलंच.

“काय रे बेल्जियन, तुझा तो दुसरा कुठं उलथला?”

“सार्डिनियाला गेलाय, मादाम. हिवाळ्यापुरता.”

“आणि तुला टाकून गेला?”

“टाकून नाही. मला कड्यावर लक्ष ठेवायचं आहे.”

“कड्यावर?” ती हातातली काठी टेकून हसायलाच लागली. “कडा पळून जातोय होय रे? माझ्या सासऱ्याच्या जन्माआधीपासून आहे तिथंच आहे.”

मग मला तिला चिंधीचं सांगावं लागलं. की जो पैसे घालून, बोल्ट ठोकून नवी वाट आखतो तो पहिल्या बोल्टला लाल चिंधी बांधतो, आणि ती असेपर्यंत दुसरं कोणी त्या वाटेला हात लावत नाही. कुलूप नाही, पोलीस नाही, तरी सगळे पाळतात.

“म्हणजे साखरपुड्याची अंगठी,” ती म्हणाली. “आणि नवरामुलगा सार्डिनियाला. शाब्बास. भांडणं तरी नवरा-बायकोसारखी करू नका रे, बायको असती तर निदान स्वयंपाक वाटून घेतला असता.”

मी परत कामाला लागलो. जाळं नीट ओढून घेतलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले.

गावातले चढणारे म्हणतात, चिंधीला एक वर्ष मान द्यायचा. वर्षाने वाट सगळ्यांची. आपण सप्टेंबरात बांधली. म्हणजे वसंतात घाई करायचं काही कारण नाही. हे गोतिएला कळव, त्याच्याच अक्षरात.

माझी काळजी करू नकोस. इथे एक जर्मन मुलगी आली आहे, फ्रिडेरिके. फार चांगली चढते. आम्ही रोज बरोबर असतो. ती म्हणते माझ्यासारखा दोर धरणारा तिने पाहिला नाही.

सेप्पे

१५ जानेवारी १९९५

वान्नेस,

पार्सल मिळालं. बुटांचे दोन जोड आणि पाकिटात नोटा. चिठ्ठी पुन्हा त्याच्याच अक्षरात: ‘कृपया दोन्ही जोडांना नवे तळवे लावून दे. जी मजुरी होईल ती.’ जणू मी रस्त्यावर पेटी मांडून बसलो आहे. बसलोच आहे म्हणा. या हिवाळ्यात व्हॅनच्या मागच्या दारात बसून मी किती चढणाऱ्यांचे तळवे लावले, मोजले नाहीत. नवा जोड घेण्यापेक्षा तळवा लावून घेणं स्वस्त, म्हणून सगळे माझ्याकडे येतात. गोंदाच्या वासाने डोकं धरतं. दार उघडं ठेवलं की उत्तरेचा वारा आत शिरतो, आणि बंद केलं की मी डुलायला लागतो.

तुझ्या मित्राचा बूट आधी घेतला. लगेच हातावेगळा करावा म्हणून. त्याचा उजवा अंगठा पार झिजलेला, डाव्याची कड आतून खाल्लेली. पाय ओढतो तो. पण खूप चढतो, हे मान्य करावं लागेल. रोज, भरपूर, न थकता. बूट खोटं बोलत नाही.

मग तुझा घेतला.

वान्नेस, तुझा तळवा मी सप्टेंबरच्या शेवटी लावला होता. अंगठ्याच्या कडेला मी कानशीने घासतो ती बारीक रेघ तुला माहीत आहे. ती रेघ अजून तशीच आहे. पुसलीसुद्धा गेलेली नाही. ‘रोज ऊन, रोज कडा’ असं कार्डात लिहिलं होतं. कडा रोज असेल. पण तू त्यावर नाहीस. तू खाली उभा आहेस, त्याच्या नव्या जाड दोराचं टोक धरून.

हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ बूट हातात घेऊन बसलो. आधी हसू आलं. खरंच सांगतो, हसू आलं. तुला मी दोन वर्षं वर पाठवलं. माझ्या वाट्याचं चीज तू खावंस म्हणून मला चीज आवडत नाही असं सांगत आलो. तुझ्या बोटांना भेगा पडल्या की मेण गरम करून मी द्यायचो. आणि तू तिकडे जाऊन त्या ब्रसेल्सवाल्याचा गडी झालास! पगार काय मिळतो? जेवण? हीटरजवळची जागा? ज्या हातांना मी पातेलंसुद्धा घासू दिलं नाही ते हात आता त्याचा दोर धरतात.

आता रागावलो आहे. पहिल्या पत्रातलं पहिलं वाक्य खोडून टाक.

त्याच्या बुटांना तळवे लावले. चांगले लावले, काम ते काम. तुझे नवे लावायची गरजच नव्हती, तसेच परत पाठवतो. त्याच्या जोडाची मजुरी ठेवून उरलेल्या नोटा परत करतो आहे. मला दान नको.

आणखी एक. काल मी आपल्या वाटेवर गेलो आणि खालच्या तीन बोल्टांवरच्या, दोर अडकवायच्या पत्र्या काढून आणल्या. नट सोडवले, पत्र्या पिशवीत घातल्या, नट पुन्हा बोल्टवर चढवले म्हणजे आटे खराब होणार नाहीत. सध्या चोर फार झाले आहेत. पत्र्या माझ्याकडे सुरक्षित आहेत. त्यांच्याशिवाय कोणाला वाट सुरू करता येणार नाही, हा भाग वेगळा.

सेप्पे

२६ फेब्रुवारी

वान्नेस,

तुझं पत्र काल आलं. गेन्टच्या हॉस्पिटलमधून, तुझ्या आईच्या अक्षरात. तिचं अक्षर पाहिल्यावर आधी वाटलं, तू मेलास. मग खाली तुझा वाकडा ‘वा’ दिसला आणि मी व्हॅनच्या पायरीवर बसलो.

तू लिहायला सांगितलंस ते मी सगळं वाचलं. पहिल्याच आठवड्यात झालं म्हणतोस. बोटाच्या हाडाला शीर धरून ठेवणारं कडं तुटलं, आवाज खाली गोतिएपर्यंत गेला. उजव्या हाताचं बोट. म्हणून लिहिता येत नव्हतं. म्हणून कार्ड त्याच्या अक्षरात.

मला कळवलं का नाहीस, याचं उत्तरही तुझ्या आईने जसंच्या तसं लिहिलं आहे: ‘सेप्पे म्हणाला असता, हात गरम केल्याशिवाय चढू नको म्हणून सांगितलं होतं ना.’ मी म्हणालोच असतो. आताही म्हणतो.

पण डॉक्टरकडे जायला जानेवारी का उजाडला, ते वाचून मात्र माझं जेवण गेलं नाही. ‘डॉक्टर म्हणजे चैन, चिकटपट्टी लावली की पुरतं.’ हे वाक्य माझं आहे. मागच्या वर्षी तुझा घोटा मुरगळला तेव्हा मी म्हणालो होतो, आणि वाचलेल्या पैशांतून आपण दोर अडकवायच्या कड्या घेतल्या होत्या. तू ते पाळत बसलास! माझ्यापासून इतक्या लांब जाऊन, माझ्यावर रागावून, माझं ते एकच पाळलंस? पट्टी गुंडाळून दोन महिने दुसऱ्याचा दोर धरत राहिलास, बोट फुगत गेलं, आणि शेवटी गोतिएने तुला गाडीत घालून नेलं, बिल भरलं आणि बोटीने, मग रस्त्याने थेट गेन्टपर्यंत पोचवलं. स्वतःची सुट्टी सोडून.

मला त्याचा राग यायचा थांबला पाहिजे. तसं झालेलं नाही. उलट वाढला. हे मी करायला हवं होतं. माझी व्हॅन एवढी पळाली नसती, वाटेतच बंद पडली असती, पण मीच करायला हवं होतं. तू विव्हळत होतास तेव्हा शेजारी तो होता, हे मला आवडलेलं नाही. त्याने चांगलं केलं हे त्याहून आवडलेलं नाही.

बुटांचंही कळलं. मला चार पैसे मिळावेत म्हणून त्याने पार्सल केलं, आणि नुसताच त्याचा जोड पाठवला तर मी ओळखेन म्हणून तू स्वतःचाही टाकलास. मी बुटावरून सगळं बरोबर ओळखलं, फक्त जे होतं ते सोडून. गेल्या पत्रातलं ‘गडी’ हे खोड. जाडसर शाईने खोड, म्हणजे उजेडात धरलं तरी दिसायला नको.

फ्रिडेरिके दोनच दिवस होती. बुटांसाठी आली होती. आम्ही बरोबर चढलो नाही. कॉफी प्यायलो, तीही तिची.

ऑगस्टपर्यंत चढायचं नाही असं डॉक्टर म्हणाले. चिंधीचं वर्ष सप्टेंबरात भरतं. मी एवढंच लक्षात आणून देतो.

सेप्पे

ता. क. आता कॅल्शियमसाठी चीज खा. मला खरंच आवडत नाही.

९ एप्रिल

वान्नेस,

तो आला. तुला माहीत आहेच, तूच पाठवलास. परवा दुपारी गाडी मादाम ओदेतच्या फाटकात शिरली आणि ती कोंबड्यांना दाणे टाकता टाकता थेट पुढे झाली.

“तूच का रे तो श्रीमंत?”

“हो मादाम, मीच. पण गाडी बाबांची आहे.”

“मग बाबांनाच पाठवायचं होतं. तुझ्यापेक्षा कामाचे असतील.”

तो खळखळून हसला. मला वाटलं होतं त्याचा चेहरा उतरेल. उतरला नाही. असल्या माणसाचं काय करायचं, मला कळत नाही.

त्याने तुझी चिठ्ठी दिली. डाव्या हाताने लिहिलेली. लहान मुलासारखं अक्षर, ओळ खाली घसरलेली, पण एकही चूक नाही. मी ती त्याच्यासमोर वाचली नाही. गाडीमागे जाऊन वाचली.

‘सेप्पे, त्याला आपली वाट चढू दे. माझ्यासाठी ती अडकून पडायला नको. माझा हात पुन्हा पूर्वीसारखा होईल का, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. दोर मी धरला असता, पण प्लास्टर आहे. तू धर. दुसऱ्या कोणाच्या हातात तो असावा असं मला वाटत नाही.’

शेवटचं वाक्य तू का लिहिलंस? पहिली तीन-चार वाचून मी सरळ नाही म्हणणार होतो. पत्र्या ऑलिव्हच्या बुंध्याशी पुरून येणार होतो. ते शेवटचं वाक्य तू मुद्दाम लिहिलंस, मला ओळखतोस म्हणून. आणि मी त्याला बळी पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कड्याखाली गेलो. त्याने वर पाहिलं.

“खालच्या पत्र्या कुठं गेल्या?”

“काढून ठेवल्यात. चोरांमुळे.”

“इथं फार चोर आहेत का?”

“एकच येणार असं ऐकलं होतं.”

तो पुन्हा हसला. मी विनोद केला नव्हता. मग म्हणाला, “पाना दे, मी लावतो.”

“नको. मी लावतो.”

पहिल्या बोल्टपाशी लोंबकळून चिंधी सोडली. एका हिवाळ्यात बरीच फिकी पडली आहे, गाजराच्या रंगाची. गाठ ओलीने आवळली होती, दाताने सोडवावी लागली. ती खिशात टाकली, पत्र्या लावल्या, नट आवळले, पुन्हा आवळले. त्याने पुन्हा पाना मागितला नाही. बरं केलं.

मग त्याने विचारलं, “तुमचे दोर घेऊ या का? वान्नेस म्हणाला, लाल आणि निळा.”

“तुझा घे,” मी म्हणालो. “निळा ओला आहे.”

निळा कोरडा ठणठणीत होता, माझ्या उशाशी. पण त्याच्या कमरेला तो बांधलेला मला बघवला नसता. सगळं खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून हेही.

तो चढायला लागला. वान्नेस, तो चांगला चढतो. तुझ्यासारखा नाही. तू मांजरासारखा जातोस, तो शिडी लावल्यासारखा जातो, पाय ओढत, पण जातो. आणि श्वास रोखत नाही, तोंडाने गुणगुणतो. दोर कधी द्यायचा ते मला कळेना. मग लक्षात आलं, गुणगुणणं थांबलं की द्यायचा. दोन वर्षं मी एकाच माणसाचा दोर धरला. माझे हात दुसऱ्या कोणाचं ऐकतील असं मला वाटलं नव्हतं. ते ऐकत होते. याचाही मला राग आला.

मी भोकं पाडताना ज्या खोबणीत गुडघा टेकायचो तिथे त्याने हात झटकले, पांढरी पूड घेतली. तो फुगवट्यापाशी पोचला. तिथून पुढे दोनच हालचाली, तुला माहीत आहे. डावीकडे झेप, मग ती पाणी वाहून गुळगुळीत झालेली कड, की संपलं. कड्यावर ऊन आलं होतं. त्याने झेप घेतली आणि त्याला खोबण मिळाली. मिळाली, वान्नेस. मी खाली उभा, दोर हातात. उजवा हात त्याने कडेवर नेला. बोटं टेकली. मला ती दिसत होती. मी मनात म्हणत होतो, जाऊ दे, संपू दे, वाटेला नाव ठेवू दे त्याला, आणि त्याच वेळी मनातच त्याची बोटं एकेक करून सोडवत होतो.

गुणगुणणं थांबलं. तो पडला.

मी त्याला धरलं. नीट धरलं. उडी मारून, हळू, दोर वर जाऊ देत, तुला धरतो तसाच. त्याला कातळ लागला नाही. तो दोरावर झोके घेत होता आणि मला इतका आनंद झाला, इतका, की मी जोरात ओरडलो, “शाब्बास!”

“थँक्यू, सेप्पे!” वरून तो म्हणाला. “काय धरलंस रे! मला कळलंसुद्धा नाही.”

त्याला काय वाटलं ते त्याचं. मी त्याला हळूहळू खाली उतरवलं.

तो बूट काढत असताना मी वर गेलो आणि चिंधी परत बांधली. दुहेरी गाठ. त्याने पाहिलं. फक्त म्हणाला, “वाटेचं नाव काय ठेवणार होतात?”

“ते वान्नेस सांगेल, चढल्यावर.”

‘शिळा पाव’ हे नाव मी त्याला सांगितलं नाही. सांगणारही नाही.

रात्री त्याने जेवायला बोलावलं. मी पाय पुसून आत गेलो. हीटर चांगला आहे. तू बोललास त्यात अतिशयोक्ती नव्हती. त्याने कांद्याचं सूप केलं, वर चीजचा जाड थर घातला. मी सगळं खाल्लं. चीज मला फार आवडतं, हे तुला एव्हाना कळलंच असेल. तुझ्याबद्दल तो बोलत होता. तिकडे रात्री तू झोपेतून उठून बोट धरून बसायचास, आणि विचारलं की म्हणायचास, काही नाही, सेप्पेला सांगू नकोस. तिकडे कोणी सेप्पे नव्हताच सांगायला, असं म्हणून तो हसला आणि मग सूप ढवळत बसला.

जेवण झाल्यावर त्याने विचारलं, “उद्या परत? एका बोटाने हुकलं. उद्या होईल.”

उद्या होईल, हे मलाही ठाऊक होतं.

“माझा खांदा दुखतोय,” मी म्हणालो. “तू पडलास तेव्हा ओढ बसली.”

“कुठला?”

“उजवा.”

त्याने सूपचं पातेलं पुढे सरकवलं, संपवून टाक म्हणून. मी ते उचललं. जड होतं. उजव्या हाताने उचललं, हे उचलल्यावर लक्षात आलं. त्याच्याही. त्याने पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून बाहेर कड्याच्या दिशेने, जिथे अंधारात काही दिसत नव्हतं.

“खांद्याचं काही सांगता येत नाही,” तो म्हणाला. “कधीकधी फार दिवस जातात. मला तर परीक्षेला परत जायचंय.”

आज तो इथून निघाला, ब्रसेल्सकडे नाही, डोंगरांकडे. जाताना स्वतःचा जाड दोर माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, तुमच्या दोघांच्या दोरांना वर्षं झाली, वान्नेस येईल तेव्हा नवा असलेला बरा. मी नको म्हणणार होतो. घेतला. फुकट मिळालेलं मी कधी सोडलं आहे का? पण वापरणार लाल आणि निळाच. त्याचा दोर पाठीवरच्या पिशवीत असेल, कोणाला हवा असेल तर.

मादाम ओदेतने विचारलं, साखरपुडा मोडला का? मी सांगितलं, नाही, तारीख पुढे गेली.

हाताचा व्यायाम रोज कर, डॉक्टर सांगतील तेवढाच, जास्त नको. पैशांची काळजी करू नकोस, तळव्यांची कामं भरपूर आहेत आणि मी आता भाताला पूर्ण गॅस वापरतो, कधीकधी. उत्तर डाव्या हाताने लिही, तुझं तुझं. आणि लवकर बरा हो, वान्नेस. माझा खांदा सप्टेंबरपर्यंतच दुखू शकतो.

सेप्पे